बर्लिनची मावशी सांगते : चक्का, बटाटा आणि खसखशीची आजी

बालमित्रांनो,

सांगलीच्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. ती विचारते, ''मावशी, आता म्हणे परदेशात सगळं मिळतं. मग तुला आठवण तरी कशाची येते?'' प्रश्न एवढासा, पण मला आठवडाभर पुरला! भांडी घासताना, बसची वाट बघताना डोक्यात तोच. म्हटलं, उत्तर तिला एकटीलाच कशाला? सगळ्यांनाच देऊ या.

तर आधी हे सांगते, की तिचं म्हणणं बरंचसं खरं आहे. इथे बर्लिनमध्ये तूरडाळ, पोहे, साबुदाणा, कढीपत्ता सगळं मिळतं. फक्त ते एका दुकानात मिळत नाही. पोह्यांसाठी एकीकडे, खवलेल्या नारळाच्या बर्फगार पाकिटासाठी व्हिएतनामी दुकानात आणि कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्यांसाठी तुर्की वाण्याकडे. आणि रविवारी? रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद! इथला कायदाच तसा आहे. पोहे फोडणीला टाकले आणि कोथिंबीर नाही असं लक्षात आलं, तर ''पळ रे बाळा, नाक्यावरून जुडी घेऊन ये'' असं म्हणायची सोय नाही. बिनकोथिंबिरीचे पोहे निमूट खायचे.

पण काही गोष्टी इथे अशा भेटतात, की वाटतं, अरे, ही तर आपल्याच घरातली! दुकानात 'क्वार्क' नावाचा डबा असतो. दुधाला विरजण लावायचं, दही झालं की त्यातलं पाणी निथळून टाकायचं, उरतो तो क्वार्क. ओळखलंत ना? आपला चक्का! पाडव्याला मी तोच आणते. साखर, वेलची, केशर घालून घोटलं की झालं श्रीखंड. आदल्या रात्री पंचात दही बांधून नळाला टांगायला नको, की रात्रभर टपटप ऐकायला नको. तुर्की दुकानात 'आयरान' मिळतं. ते म्हणजे मीठ घातलेलं ताक. 1961 साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून तिथले कामगार बोलावले. ते आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं ताकही आलं. उन्हाळ्यात माझी तहान भागते ती त्यांच्या कृपेने!

मग मिळत नाही ते काय? एप्रिल-मे आला, की आंबा! म्हणजे आंबे असतात हो. लालसर-हिरवे, गुबगुबीत, ब्राझीलहून नाहीतर पेरूहून आलेले. दिसायला राजबिंडे, पण नाकाशी धरले तर वासच नाही. हापूस येतो तो विमानाने, थोडे दिवस, आणि त्याची किंमत ऐकून आंबट आंबा खाल्ल्यासारखा चेहरा होतो. 2014 च्या मे महिन्यात तर युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर बंदीच घातली होती. बरोबर अळू, कारली, पडवळ आणि वांगीही अडकली. कारण काय, तर आलेल्या मालात फळमाशी सापडली होती. ही माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतून फळ खातात. ती इथल्या शेतात शिरली तर काय, अशी त्यांना धास्ती. पुढे आपल्याकडे तपासणी कडक झाली आणि 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. म्हणजे बघा, एवढीशी माशी, पण तिने फळांच्या राजाला वेशीवर थांबवलं!

हिंगाची तर वेगळीच गंमत. जर्मन भाषेत हिंगाचं एक जुनं नाव आहे, त्याचा अर्थ होतो 'सैतानाची घाण'! आहे की नाही अपमान? मी डबी आधी एका पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत आणि मग बरणीत ठेवते, तरी कपाट बोलतंच. पण तेलात चिमूटभर पडला की तोच हिंग कसा सुधारतो, ते तुम्हांला ठाऊक आहे. एकदा माझ्या फोडणीच्या वरणावर ताव मारून झाल्यावर एका जर्मन पाहुण्याने विचारलं, ''यात काय घातलंय?'' मी डबी उघडून दाखवली. बिचारा दोन पावलं मागे सरकला!

पण हिंग तरी 'आपला' कुठे आहे? तो एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. ही झाडं इराण-अफगाणिस्तानात वाढतात, आणि शतकानुशतकं आपण तो तिथूनच आणत आलो. भारतात हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात शास्त्रज्ञांनी त्याची रोपं लावायला सुरुवात केली ती 2020 साली. आता एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटाही तिथलाच, आणि मिरचीही त्याच खंडांतली. अहो, 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला! उरलं काय, तूप आणि जिरं. म्हणजे आपल्या उपासाच्या ताटलीत निम्मं जग बसलेलं असतं.

इथल्या लोकांना तर बटाटा सुरुवातीला नकोसाच वाटायचा. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने 1756 साली फर्मान काढलं, की शेतकऱ्यांना बटाटा लावायला शिकवा. आज जर्मन माणसाचं जेवण बटाट्याशिवाय होत नाही! बर्लिनशेजारी पोट्सडाम गावात त्या राजाचं थडगं आहे. साधी दगडी लादी. लोक तिथे फुलांबरोबर काय ठेवतात, सांगा पाहू? बटाटे! मी स्वतः पाहिलेत.

एवढं सगळं लिहिलं, पण सांगलीच्या मैत्रिणीचं उत्तर काही दिलं नाही. ते मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे मिळालं. त्यांना आम्ही 'ओमा' म्हणतो, म्हणजे जर्मनमध्ये आजी. वय पंच्याऐंशीच्या पुढे. नाताळच्या आदल्या दिवशी त्या एक वाडगा घेऊन वर येतात. त्यात दुधात भिजवलेले पावाचे काप, मध्ये वाटलेली खसखस, साखर आणि बेदाणे, थरावर थर. थंडगार खायचं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला अनारशाची आठवण झाली, आणि मी तसं म्हणाले. खसखस तुमच्याकडेही गोडात घालतात, हे ऐकून ओमा इतक्या खूश झाल्या, की तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि बोलू लागल्या.

त्यांचा जन्म ब्रेस्लाऊ शहराजवळचा. 1945 साली दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा ऐन थंडीत आईचा हात धरून त्या घराबाहेर पडल्या. वय वर्षं सात. युद्धानंतर सीमा बदलल्या, तो मुलूख पोलंडमध्ये गेला, आणि ब्रेस्लाऊचं नाव झालं व्रोत्सवाफ. घर परत मिळालंच नाही. आई पुढे लवकर गेली. हा पदार्थ तिच्या हातचा. ओमांना चव तेवढी आठवत होती, प्रमाण नाही. सात वर्षांची मुलगी प्रमाण कशाला विचारेल? मोठेपणी दर नाताळला त्या अंदाजाने करत राहिल्या. कधी खसखस जास्त, कधी दूध कमी. ''कितीतरी वर्षांनी एकदा घास घेतला आणि आई समोर उभी राहिली,'' असं म्हणून त्या गप्प झाल्या. मग मला विचारलं, ''तुझी आई अजून स्वयंपाक करते?''

मी म्हटलं, हो. त्याच रात्री मी नाशिकला आईला फोन लावला. तिथे पहाटेचे चार वाजले असतील याचंही भान राहिलं नाही. ''अगं, काय झालं?'' ती घाबरून म्हणाली. मी म्हटलं, ''काही नाही, गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालतेस?'' ती म्हणाली, ''घालते की, मूठभर!''

आता आली का पंचाईत? कुणाची मूठ, केवढी मूठ? शेवटी माझ्या नववीतल्या भाचीने युक्ती काढली. आजी मसाला करायला बसली, की ही शेजारी वजनकाटा घेऊन बसली. आजीने मूठ भरली, की आधी काट्यावर, मग कढईत. आजी कुरकुरली, ''मसाला करतेय की सोनं विकतेय?'' पण मूठ वहीत उतरली. त्या वहीचं पान आता माझ्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

तर सांगलीच्या मैत्रिणी, आंबा मिळतो, हिंग मिळतो, चक्काही मिळतो. मूठ मात्र इथे कुठल्याच दुकानात मिळत नाही. मला आठवण येते ती तिची.

मुलांनो, या आठवड्याचा उद्योग : घरातल्या आजीचा, आईचा किंवा बाबांचा एक आवडता पदार्थ निवडा, काटा नाहीतर वाटी घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि प्रमाण लिहून काढा. ओरडा बसला तरी उठायचं नाही. आणि पालकांनो, दहा मिनिटं उशिराने जेवलात तरी चालेल, पोरांना बसू द्या.

वहीत काय काय उतरलं ते मला जरूर कळवा. वाट पाहते.

तुमची,
बर्लिनची मावशी