जुना ‘डूम’, नवा संगणक

नव्वदच्या दशकात ज्यांनी पहिल्यांदा संगणक हाताळला, त्यांच्यापैकी अनेकांना ‘डूम’ हे नाव आठवत असेल. कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर किंवा ऑफिसात साहेब बाहेर गेले की कुणीतरी तो गेम सुरू करायचा आणि खुर्चीमागे चार जण गोळा व्हायचे. पडद्यावर नायक दिसतच नसे. दिसायचे ते त्याचे हात आणि पुढे धरलेली बंदूक. भुयारातून आपणच धावतो आहोत असे वाटायचे आणि कोपऱ्यावर राक्षस समोर आला की पाहणाराही दचकायचा.

त्या वेळचे तरुण आता पन्नाशीत आले. घरात तेव्हाच्या शेकडो पट वेगवान संगणक आहे. पण माळ्यावरची जुनी डिस्क त्यात घातली तर गेम सुरू होत नाही. असे का होते, तो गेम आज कसा चालवावा आणि पूर्वीपेक्षा देखणा कसा करावा, ते या वेळी पाहू. त्यातून एक व्यापक गोष्टही उमगते. संगणकावर ठेवलेल्या काही वस्तू तीस वर्षे टिकतात, तर काही दहा वर्षांतच निरुपयोगी होतात. हा फरक कशामुळे पडतो, याचे ‘डूम’ हे फार बोलके उदाहरण आहे.

चार मेगाबाइटचा चमत्कार

‘डूम’ जन्मला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. ‘इड सॉफ्टवेअर’ ही तेव्हा मूठभर माणसांची कंपनी होती. गेमचे इंजिन लिहिण्यात जॉन कार्मॅक यांचा मोठा वाटा होता, तर जॉन रोमेरो हे रचनाकारांपैकी एक प्रमुख. १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवरून तो लोकांसाठी खुला झाला. त्याचा नऊ पातळ्यांचा पहिला भाग फुकट होता. तो मित्रांना वाटण्याची मुभाही होती. आवडला तर उरलेल्या दोन भागांसाठी पैसे पाठवायचे. या पद्धतीला ‘शेअरवेअर’ म्हणत. म्हणूनच फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो जगभर पोचला.

त्यासाठी ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट मेमरी पुरत असे. चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे, रंग २५६ आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे. एवढ्या तुटपुंज्या साधनांत खोलीचा आभास निर्माण करायचा म्हणून कार्मॅक यांनी काही युक्त्या योजल्या. ‘डूम’मध्ये एका खोलीवर दुसरी खोली असूच शकत नाही. सारा नकाशा कागदावर काढलेल्या घराच्या प्लॅनसारखा सपाट असतो. प्रत्येक भागाची जमीन आणि छत किती उंचीवर, एवढेच त्यात नोंदवलेले असते. मान वर करून पाहण्याची सोय नाही. वर उभ्या असलेल्या शत्रूच्या दिशेने नेम धरला की गोळी आपोआप त्या उंचीवर जाते.

जुनी डिस्क अडते कुठे?

हा गेम ‘डॉस’साठी लिहिलेला होता. आजचे ६४ बिटचे विंडोज डॉसचे प्रोग्राम थेट चालवू शकत नाही. शिवाय गेमला हवे असते ते जुन्या साउंड कार्डाशी आणि जुन्या पडद्याशी सरळ बोलणे. ती यंत्रे आता नाहीत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला ‘डॉसबॉक्स’. हे मोफत सॉफ्टवेअर नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग उभे करते. प्रोसेसर, साउंड कार्ड, पडदा, सगळे खोटे. पण गेमला ते कळत नाही. त्यामुळे मूळ गेम जसाच्या तसा चालतो. मात्र तो जुन्या मर्यादांसकट चालतो आणि सेटिंग जुळवायला थोडा धीर लागतो.

दुसरा उपाय अधिक सोपा आणि अधिक रंजक आहे. तो समजण्यासाठी गेमची बांधणी पाहावी लागते.

इंजिन वेगळे, डबे वेगळे

‘डूम’ दोन भागांत विभागलेला आहे. एक भाग म्हणजे इंजिन, अर्थात गेम चालवणारा प्रोग्राम. दुसरा भाग म्हणजे ‘वॉड’ नावाची एकच मोठी फाइल. नकाशे, भिंतींची चित्रे, राक्षस, आवाज, संगीत, सारे काही तिच्यात असते. फुकट भागाची फाइल आहे ‘डूम१.वॉड’, आकार सुमारे ४ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही कित्येकदा एवढा असतो!

रेल्वेगाडीचे डिझेल इंजिन काढून विजेचे जोडले तरी डबे तेच राहतात. तसेच इथे करता येते. इड कंपनीने २३ डिसेंबर १९९७ रोजी इंजिनाचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला केला. त्यातला आवाजाचा भाग मात्र दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने वगळावा लागला. आपल्या आवडीच्या संगणकावर हा गेम न्यावा, त्यात नव्या सोयी घालाव्यात, असे कार्मॅक यांनी सोबतच्या टिपणात सुचवले होते. १९९९ मध्ये हा कोड ‘जीपीएल’ या मुक्त परवान्याखाली आला. म्हणजे कुणीही तो वापरावा, बदलावा, फक्त बदललेली आवृत्ती वाटताना तिचा कोडही खुला ठेवावा.

मग जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी नवी इंजिने बांधली. त्यांना ‘सोर्स पोर्ट’ म्हणतात. २०१४ मध्ये एका प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर आणि २०२२ मध्ये ट्रॅक्टरच्या पडद्यावर हा गेम चालवून दाखवण्यात आला, तो याच मोकळीकीमुळे.

कोणते इंजिन निवडावे?

इंजिने पुष्कळ आहेत. नवख्याने तिघांची ओळख करून घेतली तरी पुरे. तिन्ही मोफत आहेत.

‘चॉकलेट डूम’ : मूळ गेम जसा होता तसाच हवा असेल तर हे घ्यावे. तोच पडदा, तोच वेग, चुकासुद्धा त्याच. चुका मुद्दाम कशासाठी जपायच्या, असा प्रश्न पडेल. त्यामागे कारण आहे. ‘डूम’मध्ये खेळाची नोंद ठेवता येते, पण त्या नोंदीत चित्र साठवलेले नसते. सेकंदाच्या प्रत्येक पस्तिसाव्या हिश्शात खेळणाऱ्याने काय केले, एवढेच लिहिलेले असते. नशिबाचे फासेही २५६ आकड्यांच्या एका ठरलेल्या तक्त्यातून क्रमाने पडतात. त्यामुळे त्याच हालचाली पुन्हा दिल्या की तोच खेळ हुबेहूब पुन्हा घडतो. इंजिनात तसूभर फरक झाला तर नायक भलत्याच भिंतीवर आपटत राहतो. १९९४ मध्ये कुणी केलेली नोंद आज पाहायची तर त्या काळच्या चुकाही जशाच्या तशा लागतात.

‘क्रिस्पी डूम’ : हा मधला मार्ग. स्वभाव जुनाच, पण चित्र अधिक रेखीव, रुंद पडद्याची सोय आणि हालचाल गुळगुळीत. बहुतेकांना हेच आवडेल.

‘जीझेडडूम’ : हे आधुनिक इंजिन ग्राफिक कार्डाची शक्ती वापरते. मान वर-खाली करता येते, हवे तेवढे मोठे रिझोल्यूशन मिळते, रंगीत प्रकाश, नवी चित्रे, नवे नकाशे, सगळे चालते. फार जुन्या लॅपटॉपवर मात्र ते अडखळू शकते.

ज्यांना यातली कोणतीच खटपट नको, त्यांनी २०२४ मध्ये आलेली ‘डूम’ आणि ‘डूम २’ची एकत्र अधिकृत आवृत्ती विकत घ्यावी. ती थेट चालते.

प्रत्यक्ष कृती

१. संगणकावर ‘डूम’ नावाचे नवे फोल्डर तयार करा.

२. निवडलेले इंजिन त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून या फोल्डरमध्ये मोकळे करा. अनोळखी जागेवरून घेतलेल्या फाइलबरोबर व्हायरस येऊ शकतो.

३. आता वॉड फाइल. शेअरवेअरची ‘डूम१.वॉड’ आजही कायदेशीरपणे फुकट वाटता येते. पूर्ण गेम विकत घेतला असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये वॉड फाइल सापडते. जुन्या फ्लॉपीवर ती आवळून बांधलेली असते. अशा वेळी एकदा डॉसबॉक्समध्ये गेम इन्स्टॉल करून ती मोकळी करून घ्यावी. पूर्ण गेमची फाइल दुसऱ्याकडून उतरवून घेणे मात्र चोरीच होय. इंजिन मुक्त झाले आहे, चित्रे आणि नकाशे नाहीत.

४. काहीच विकत घ्यायचे नसेल तर ‘फ्रीडूम’ नावाचा प्रकल्प आहे. स्वयंसेवकांनी नकाशे, चित्रे, आवाज, सारे नव्याने तयार करून मोफत दिले आहे. तेही याच इंजिनांवर चालते.

५. वॉड फाइल इंजिनाच्या शेजारी ठेवा आणि इंजिन सुरू करा. बस्स!

जुन्या बटणांची सवय पुन्हा लावून घ्यायची की नाही, ते आधी ठरवा. तेव्हा बाणांनी चालायचे, कंट्रोलने गोळी झाडायची, स्पेसबारने दार उघडायचे. माऊस पुढे सरकवला तर नायक चालू लागायचा. आजच्या मुलांना हे फार विचित्र वाटते. नव्या इंजिनांत माऊसची ती पुढची चाल बंद करता येते आणि बटणेही बदलता येतात.

किती नटवावे?

नव्या सोयी हाती आल्या की सगळ्याच एकदम सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रथम पडद्याचे प्रमाण नीट करा. जुन्या मॉनिटरवर ‘डूम’चा प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच उमटत असे. आजचा ठिपका चौरस असतो. प्रमाण दुरुस्त केले नाही तर राक्षसही बुटके, आडवे दिसतात. ‘अॅस्पेक्ट रेशो’ची एक खूण केली की काम होते.

दुसरी गोष्ट चित्रे मऊ करण्याची, म्हणजे ‘टेक्स्चर फिल्टर’ची. याने जुन्या चित्रांचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि भिंतीवर ओला बोळा फिरवल्यासारखे दिसते. मूळ चित्रकारांनी एकेक ठिपका विचार करून ठेवला होता. फिल्टर बंद ठेवून रिझोल्यूशन वाढवा. ठिपके स्पष्ट राहतील आणि कडा धारदार होतील.

तिसरे, संगीत. बॉबी प्रिन्स यांनी केलेले संगीत वॉड फाइलमध्ये ध्वनिमुद्रित नाही. तिथे आहे ती फक्त स्वरलिपी, वाजवणारा वेगळा. पूर्वी साउंड कार्डावरची छोटी चिप वाजवायची आणि सगळी वाद्ये खेळण्यातल्या पेटीसारखी ऐकू यायची. आज ‘साउंडफाँट’ नावाची खऱ्या वाद्यांच्या नमुन्यांची फाइल जोडली की तीच धून भरघोस वाजते. ज्यांना जुना किणकिणाटच प्रिय आहे, त्यांच्यासाठी तोही पर्याय आहे.

यानंतर नवे नकाशे. जगभरच्या हौशी मंडळींनी हजारो नकाशे बनवले आहेत. खुद्द जॉन रोमेरो यांनी २०१९ मध्ये ‘सिजिल’ आणि गेमच्या तिसाव्या वाढदिवशी, १० डिसेंबर २०२३ रोजी, ‘सिजिल २’ हे नव्या पातळ्यांचे संच दिले. त्यांच्या मोफत आवृत्त्याही आहेत. पण त्यांसाठी पूर्ण ‘डूम’ जवळ असावा लागतो. एक ध्यानात ठेवा : एका इंजिनात जपलेला अर्धवट खेळ दुसऱ्यात सहसा उघडत नाही.

आई-वडिलांसाठी

‘डूम’मध्ये रक्त आहे, हिंसा आहे, नरकाची भेसूर चित्रे आहेत. अमेरिकेत त्याला सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठीचा दर्जा दिलेला आहे. आपल्या आठवणी कितीही गोड असल्या तरी लहान मुलांना शेजारी बसवून तो खेळू नये. मोठ्यांपैकीही काहींना खेळताना गरगरते. चालताना पडदा खाली-वर हलतो म्हणून असे होते. ही हालचाल अनेक इंजिनांत कमी करता येते. खोलीत दिवा लावावा, पडद्यापासून जरा दूर बसावे आणि मळमळ वाटताच सरळ थांबावे.

टिकते ते काय?

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९३ चा ‘डूम’ आजच्या संगणकावर चालतो. पण त्याच सुमारास एखाद्या खास फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर उघडून पाहा. वडिलांचा लेख, संस्थेचा अहवाल, आजीच्या पाककृती, काहीही असो. तो फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसते. मजकूर जागेवर आहे, पण वाचता येत नाही. अक्षरे साठवण्याची पद्धत प्रत्येक फाँटची निराळी होती. फाँट गेला की किल्लीही गेली.

‘डूम’ची किल्ली मात्र मालकाने स्वतःच सर्वांच्या हाती दिली. मजकूर आणि यंत्र वेगळे ठेवले होते, आणि यंत्राची रचना लपवली नाही. म्हणून प्रत्येक पिढीला नवे इंजिन बांधता आले.

आपल्या घरच्या ठेव्याबाबतही हेच करता येईल. जुने मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. तसे करून घेतलेली फाइल साध्या, सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात जपा आणि एक प्रत कागदावरही काढून ठेवा. फ्लॉपी आणि सीडी कायम टिकत नाहीत. त्या वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. तेव्हा माळ्यावरून ‘डूम’ची डिस्क खाली काढाल, तेव्हा तिच्या शेजारच्या डिस्कवर काय आहे तेही जरूर पाहा. गेमचा सांभाळ करायला जगभर माणसे आहेत. आजीच्या पाककृतींना तुमच्यावाचून कुणी नाही.