ओरखड्यावर विम्याचा उतारा नको



पार्किंगमधल्या ओरखड्यांवर ‘विमा आहे, मग भांडता कशाला?’ असा सल्ला मागील अंकातील पत्रलेखकांनी दिला आहे. सल्ला सोयीचा, पण हिशेबात न बसणारा. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्या मालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूट मिळते. वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर एका दाव्यासरशी ती शून्यावर येते. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले 1000 रुपये मालकाच्याच खिशातून. किरकोळ डेंटिंग-पेंटिंगसाठी हा आतबट्ट्याचा व्यवहार.

चोपड्यात खरी अडचण रुंदीची आहे. अडीच मीटरच्या आखीव जागांत दोन बोलेरो शेजारी लावल्या, तरी मध्ये दार उघडायला जेमतेम पाऊण मीटर उरते. मग अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यालगत, बाजाराच्या गर्दीत, जिथे त्या फटीतही दुचाकी घुसते, तिथे काय अपेक्षा ठेवायची?

ब्रिटनच्या हायवे कोडने 2022 मध्ये दारापासून दूरच्या हाताने दार उघडायला सांगितले. हेतू सायकलस्वार वाचवण्याचा. पण अंग वळते, नजर मागे जाते आणि शेजारचा पत्राही वाचतो. मुलांना गाडी लावण्याआधीच उतरवावे. मे महिन्यातल्या वाऱ्यात तर दार धरूनच उघडावे.

तरीही शेजारच्या गाडीला दार लागलेच, तर फोटो काढून वायपरखाली नाव-नंबराची चिठ्ठी ठेवावी. नखाला न अडकणारा ओरखडा बहुधा पॉलिशने जातो. पत्रा उघडा पडला असेल, तर पावसाळ्याआधी रंग लावून घ्यावा.

– एक वाचक, चोपडा