साधी भोवळ की मेंदूचा झटका?

कापूस वेचणीचे दिवस. घरधनी पहाटे उठले ते भिंत धरूनच. घर गरगर फिरते आहे, उलट्या थांबत नाहीत. हातपाय मात्र हलतात, तोंडही वाकडे नाही. जाणती माणसे म्हणतात, "पित्त खवळलंय, लिंबूपाणी द्या."

बरेचदा ते खरेही असते. पण माय-बहिणींनो, आधी एवढे पाहा. आवाज एकाएकी घोगरा झाला काय? थुंकी गिळताना ठसका लागतो काय? एकाचे दोन दिसते काय? चालताना एकाच अंगाला झोक जातो काय? अर्धा चेहरा बधिर आणि दुसऱ्या बाजूच्या हातापायाला ऊन-गार कळेना, असे आहे काय? यातले एक जरी असले, तरी तो मेंदूच्या देठाचा झटका असू शकतो.

मोसंबी देठाने फांदीला जोडलेली असते, तसा आपला मेंदू अंगठ्याएवढ्या जाड देठाने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला जोडलेला असतो. गिळणे, बोलणे, तोल, श्वास यांच्या साऱ्या वाटा तिथूनच जातात. काही शिरा तिथे बाजू बदलतात. म्हणून चेहरा एका बाजूचा आणि अंग दुसऱ्या बाजूचे बधिर होते. जर्मन डॉक्टर वॉलेनबर्ग यांनी १८९५ साली अशा रोग्याची लक्षणे बारकाईने नोंदवली. मेंदूचा फोटो काढण्याची सोय तेव्हा नव्हती.

आज आहे. दवाखान्यात आधी सीटी स्कॅन करतात, ते योग्यच. रक्तस्राव असेल तर तो त्यात चटकन दिसतो. पण देठाभोवती जाड हाडे असल्याने रक्ताच्या गाठीने झालेली इजा त्यात पुष्कळदा दिसत नाही. ती एमआरआयमध्ये अधिक चांगली दिसते. पहिल्या दिवशी कधी कधी एमआरआयही चुकतो. म्हणून "फोटो चांगला आला" एवढ्यावर रोग्याला घरी आणू नका. वरची लक्षणे डॉक्टरांना पुन्हा सांगा, एमआरआयचे विचारा. त्या यंत्रात मोठे लोहचुंबक असते. मंगळसूत्र, जोडवी, करदोडा आधी काढावा. हृदयात यंत्र बसवले असल्यास तेही सांगावे.

गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सगळ्यांना चालत नाही. मंठा-परतूरकडून जालना, तिथून ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, यातच वेळ मोडतो. तेव्हा १०८ ला फोन करा, रोग्याच्या तोंडात पाणी की गोळी काही घालू नका, आणि माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ ध्यानात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.