वेशीपर्यंतच्या बायका

जपानच्या कीई द्वीपकल्पाची वर्णनं अलीकडे आपल्याकडच्या प्रवासी मासिकांतूनही वाचायला मिळतात. उंच सुगी वृक्षांचं अरण्य, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, नाचीचा १३३ मीटर उंचीचा धबधबा, कुमानोच्या हजार वर्षांच्या यात्रावाटा आणि खाली पॅसिफिकचा किनारा. यातलं काहीही खोटं नाही. मी पाहून आले आहे. पण या वर्णनांतून एक वाक्य हमखास गळतं. या वारशातल्या एका डोंगरावर बाईला जायला बंदी आहे. आजही. आणि ते वाक्य गळत नाही तेव्हा कंसात येतं, एखाद्या गमतीदार चालीरीतीसारखं. मैत्रिणींनो, त्या कंसाशी माझं भांडण आहे.

डोंगराचं नाव सांजोगाताके, उंची १७१९ मीटर. नारा प्रांतातल्या ओमिने पर्वतरांगेत तो आहे आणि माथ्यावर ओमिनेसान-जी हे मंदिर. डोंगरात तप करणाऱ्या यामाबुशींचा जो शुगेन्दो पंथ, त्याचं हे मोठं पीठ. पंथाचा आद्यपुरुष एन नो ग्योजा सातव्या शतकातला. पायथ्याला दोरोगावा नावाचं गाव आहे. शिमोइचिगुची स्टेशनवरून बसनं तिथं जाता येतं. गावापासून तासाभराच्या चालीवर एक पूल लागतो, पूल ओलांडला की लाकडी कमान. शेजारी दगडी खांब, आणि पाटीवर जपानी व इंग्रजीत लिहिलेलं: या पवित्र डोंगराच्या धार्मिक परंपरेनुसार स्त्रियांनी इथून पुढे जायचं नाही.

तिथं पहारेकरी नसतो. कायदाही नाही. उलट १८७२ साली मेईजी सरकारनं हुकूम काढून मंदिरांच्या आणि पवित्र डोंगरांच्या ठिकाणची स्त्रीबंदी रद्द केली होती. तो हुकूम बायकांच्या कळवळ्यानं निघाला नव्हता. त्या वर्षी क्योतोत प्रदर्शन भरलं होतं, परदेशी पाहुणे बायकांसकट येणार होते आणि त्यांना जवळच्या हिएई डोंगरावर अडवणं शोभलं नसतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे शतकानुशतकांची परंपरा साहेबाच्या मडमेसाठी एका कागदानं मोडता आली. ओमिनेच्या मंडळींनी मात्र हुकूम बाजूला ठेवून बंदी चालूच ठेवली.

परंपरा अचल असते हे आपल्याला सतत ऐकवलं जातं, म्हणून ही रेषा कशी कशी सरकली ते सांगते. पूर्वी स्त्रियांची वेस बरीच खाली, एन नो ग्योजाच्या आईच्या नावाच्या देवळीपाशी होती. १९७० मध्ये ती वर, आजच्या पुलापाशी नेली. गावातलं र्यूसेन-जी हे मंदिर बायकांना बंद होतं, ते १९६० मध्ये खुलं झालं. शेजारचं इनामुरागाताके शिखर बायकांना मोकळं करून त्याला 'बायकांचं ओमिने' म्हणू लागले. ते सांजोगाताकेपेक्षा काही मीटर उंचच आहे! उंची झेपत नाही म्हणून बंदी, असं म्हणायची सोयही त्यांनीच घालवली. पुढे १९९७ च्या सुमाराला मंदिरांच्या धुरीणांनीच ठरवलं की एन नो ग्योजाच्या तेराशेव्या पुण्यस्मरणाच्या वर्षी, म्हणजे २००० साली, उरलेली बंदीही उठवावी. यात्रेकरूंच्या जुन्या मंडळांचा आणि गावकऱ्यांचा त्याला विरोध होता. तेवढ्यात १९९९ मध्ये काही स्त्रिया न विचारता डोंगर चढून गेल्या, गहजब झाला आणि बंदी उठवण्याचा बेत बारगळला. रेषा सरकते. ती सरकवणारे हात मात्र पुरुषांचेच असायला हवेत.

बंदीची कारणं विचारावीत तर दर पिढीला वेगळं उत्तर. एके काळी विटाळ. मग पुरुषांच्या साधनेत विघ्न. मग डोंगर धोक्याचा आहे, बाईच्या जिवाला जपायला हवं. आता नुसतं 'परंपरा'. धोक्याच्या कारणाबद्दल दोनच गोष्टी सांगते. याच द्वीपकल्पाच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर, तोबा आणि शिमाच्या गावांत, 'आमा' बायका आहेत. प्राणवायूची नळकांडी न घेता, नुसत्या दमावर समुद्राच्या तळाशी बुडी मारून त्या शंखशिंपले आणि समुद्रशेवाळ काढतात. डोक्याच्या फडक्यावर समुद्रातल्या अरिष्टापासून राखणारी चांदणीची खूण भरलेली असते. त्या कमाईवर पिढ्यान्‌पिढ्या घरं चालली. त्यांचा जीव धोक्यात आहे म्हणून समुद्रावर कुणी कमान उभारली नाही. दुसरी गोष्ट जुन्को ताबेई यांची. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेली जगातली पहिली स्त्री जपानी होती. २०१६ मध्ये त्या वारल्या, तोवर सांजोगाताकेची पाटी जागची हलली नव्हती.

विघ्नाच्या कारणाबद्दल तर बोलायलाच हवं. यात्रा संपवून उतरलेल्या पुरुषांनी व्रत सोडण्याचा एक रिवाज होता: मांसमच्छी, दारू आणि बाई. यात्रेच्या गावी त्यासाठी वेश्यावस्ती असे, तशी ती दोरोगावातही होती. जपानमधला वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५८ मध्ये पूर्णपणे लागू झाला तोवर ती चालली. म्हणजे डोंगरावर बाईची सावली नको आणि उतरताक्षणी पायथ्याशी बाई हवी. माथ्यावरच्या पावित्र्याचा हिशेब मांडायचा तर पायथ्याच्या त्या खोल्या त्याच वहीत मांडाव्या लागतील. त्या बायकांसाठी तिथं दगडी खांब वगैरे काही मला दिसला नाही.

आणि आया! एन नो ग्योजाची आई मुलाच्या काळजीनं डोंगराशी आली आणि तिला वर येऊ दिलं नाही, ही दोरोगावातली कथा. पश्चिमेला कोयासान ही मठनगरी आहे. नवव्या शतकात कूकाई या आचार्यानं ती वसवली. तिथंही बायकांना बंदी होती. हुकूम १८७२ चा असला तरी तिथं बायका राहू लागायला विसावं शतक उजाडलं. कूकाईची आई लेकाला भेटायला आली, तिला पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरात ठेवलं आणि लेक महिन्यातून नऊ वेळा उतरून भेटायला येई अशी आख्यायिका आहे. गावाचं नावच कुदोयामा, नऊ वेळांचा डोंगर. मातृभक्तीची कथा म्हणून ती डोळे पुसत सांगतात. मला दिसल्या त्या डोंगराखाली बसवलेल्या दोन म्हाताऱ्या. जिसोन-इनमध्ये आज बायका कापडाचे स्तन शिवलेल्या लाकडी पाट्या वाहतात. कुणाला मूल हवं असतं, कुणाला दूध, कुणाला कर्करोगातून सुटका. दवाखान्यात काम केलेल्या बाईला त्या भिंतीसमोर फार वेळ उभं राहवत नाही.

कोयासानच्या कडेनं बायकांनी स्वतःची वाट पाडली होती. आत जायचं नाही म्हणून त्या डोंगराच्या काठाकाठानं चालत, एका 'स्त्रीगृहा'पासून दुसऱ्यापर्यंत, आणि झाडांच्या फटीतून आतली देवस्थानं दिसतील तेवढी पाहत. अशी सात घरं होती, त्यांतलं एक उरलं आहे. ती वाट मी चालले. आज तिच्यावर छान खुणा केल्या आहेत, नकाशा मिळतो, हवा सुंदर असते.

दक्षिणेकडचं कुमानो मात्र वेगळं, असं कोणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. कुमानोनं बायकांना अडवलं नाही. राजघराण्यातल्या स्त्रिया तिथं गेल्या, तेराव्या शतकात होजो मासाको गेली, साध्या बायका तर अगणित. हजार वर्षांपूर्वीची कवयित्री इझुमी शिकिबू होंगूच्या देवळाजवळ पोचली आणि पाळी आली. आता दर्शन नाही म्हणून हळहळली, तर रात्री देवानं स्वप्नात येऊन सांगितलं की मला त्याचं काही नाही, ये. ज्या माळावर ही गोष्ट घडली असं सांगतात त्या फुशिओगामीला मी बराच वेळ बसले. आपल्या सोयराबाईनं विटाळाबद्दल विचारलेले प्रश्न तिथं आठवतातच.

पण कुमानोचाही देव्हारा करू नये. याच कुमानोच्या भिक्षुणी गावोगाव हिंडून चित्रपट उलगडून दाखवत आणि देणग्या गोळा करत. त्या चित्रांत बायकांचे खास नरक असत. बाळंतपणाच्या आणि पाळीच्या रक्तानं भूमी बाटवली म्हणून रक्ताच्या तळ्यात बुडालेल्या बायका. मूल झालं नाही म्हणून दिव्याच्या वातीनं बांबूची मुळं खणत बसलेल्या बायका. व्यालीस तरी नरक, नाही व्यालीस तरी नरक. त्यातून सुटण्याचा ताईतही त्याच विकत. बाईनं बाईला भीती विकून पोट भरावं ही व्यवस्था कुणी रचली, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप. देवळाच्या आणि डोंगराच्या दारात कशाला जायचं? आपल्याला देवच नको, तर प्रवेश कशाला? शनिशिंगणापूरच्या वेळी हेच ऐकलं होतं. तेव्हा विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्त्रियांचा प्रवेशाचा हक्क मान्य केला. तो आग्रह समान हक्काचा होता, शनीच्या दर्शनाचा नव्हता. ओमिनेत हे आणखी स्वच्छ दिसतं. त्या परिसरात मुलगा वयात आला की त्याला डोंगरावर नेण्याची चाल होती. कड्यावरून त्याला उलटं धरून लोंबकळवत, चुका कबूल करायला लावत आणि तो पुरुष म्हणून खाली येई. जितक्या वेळा चढाल तितका यात्रामंडळात मान. शुगेन्दोत साधना करणाऱ्या बायका आज आहेत, कष्टाळू आहेत. योशिनोहून कुमानोपर्यंतच्या लांब यात्रेत त्यांना हा टप्पा वगळून वळसा घालावा लागतो. ज्या जागी अधिकार वाटला जातो तीच जागा बंद आहे. भक्तीचा प्रश्न यात कुठे आला?

दोरोगावातल्या ज्या घरगुती खानावळीत मी राहिले, तिच्या मालकीणबाईंशी जपानी मैत्रिणीच्या मदतीनं बोलले. बंदी असू दे, असं त्या म्हणाल्या. यात्रेकरू मंडळं येतात, त्यांच्यावर गाव जगतं. पहाटे चारला उठून त्यांचा भात त्याच रांधतात, ओले कपडे त्याच वाळवतात. त्यांना 'भ्रमात असलेली बाई' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांचा हिशेब चोख होता आणि तो पोटाचा होता. म्हणून मी कमानीशी थांबले. मी चढून दुसऱ्या दिवशी विमानात बसले असते, आणि १९९९ सारखा राग पुन्हा निघाला असता तर तो या बाईच्या अंगणात निघाला असता. तिथल्या स्त्रिया लढत आहेतच. २००५ मध्ये पुन्हा काही जणी चढल्या. त्याआधी बंदी उठावी म्हणून सह्या गोळा झाल्या, सरकारकडे आणि युनेस्कोकडे गाऱ्हाणं गेलं.

माझा रोख त्या सरकारवर आणि युनेस्कोवर आहे. ही खाजगी धार्मिक बाब आहे असं सरकार म्हणू शकत नाही. हा डोंगर १९३६ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला जपाननं १९८५ मध्ये मान्यता दिली. रूढींतला भेदभाव दूर करणं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. तरी सरकारनंच नामांकन केलं आणि २००४ मध्ये 'कीई पर्वतरांगेतील पवित्र स्थळं आणि यात्रामार्ग' जागतिक वारसा झाले. २०१७ मध्ये तेच क्यूशूजवळच्या ओकिनोशिमा बेटाबाबत; तिथंही बायकांना बंदी होती आणि वर्षातून एक दिवस निवडक पुरुषांना प्रवेश. प्रश्न विचारले जाऊ लागले तेव्हा २०१८ पासून सर्वसामान्य पुरुषांनाही बेट बंद केलं. बायकांना आत घेण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

वारसा म्हणजे जगातल्या सर्वांचा ठेवा, असं युनेस्कोच सांगते. मग निम्म्या जगाला जिथं पाऊल टाकता येत नाही त्या जागेचं नाव यादीत घालताना निदान बंदी उठवण्याची मुदत तरी घालायची होती. ती आजही घालता येईल. आणि तोवर, ज्या माहितीपत्रकात धबधब्याची उंची मीटरमध्ये आणि बसचं वेळापत्रक मिनिटांत दिलेलं असतं, त्याच्या पहिल्या पानावर, कंसाबाहेर, ठळक अक्षरांत ही बंदी छापा. बंदी कुणी घातली, कुणी आणि कधी सरकवली, आणि दोरोगावात कायदा येईपर्यंत पायथ्याशी काय चालत होतं, तेही त्याच पानावर छापा.