इलाज मियाँ-बीवी दोघांचा

पालकसभा संपली की एखाद-दुसरी आई मागे रेंगाळते. निमित्त मुलाच्या गणिताचे, बोलणे वेगळेच. अंगावरून जाते, खाज सुटते, लघवीला जळजळ होते. गोळ्या घेतल्या की महिनाभर बरे वाटते, मग पुन्हा तेच. ‘‘मॅडम, औषधच लागू पडत नाही.’’ आम्ही विचारतो, नवऱ्याने घेतले का औषध? उत्तर ठरलेले, ‘‘त्यांना कुठं काय होतंय?’’

औषध लागू पडते, पण एकालाच. ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग झालेल्या बहुतेक पुरुषांना काही जाणवतच नाही. बायको बरी होते आणि नवऱ्याकडून तोच जंतू पुन्हा येतो. क्लॅमिडिया तर बायकांमध्येही बहुधा मुकाट राहतो. तो गर्भनलिकांपर्यंत पोचला तर नलिका बंद होऊ शकतात. मग मूल होत नाही म्हणून बोल कुणाला लागतो, ते सांगायला नको. गरमी म्हणजे सिफिलिस पोटातल्या बाळालाही होते. गरोदरपणी रक्त तपासून वेळेत पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतले तर बाळ वाचते. मात्र नवरा इलाजाशिवाय राहिला तर तिला पुन्हा लागण होऊ शकते.

अर्थात अंगावरून पांढरे जाणे म्हणजे दर वेळी असा आजार नव्हे. कधी ते नैसर्गिक असते, कधी बुरशीमुळे. बुरशी असेल तर नवऱ्याला बहुधा औषध लागत नाही. हे डॉक्टरांनी ठरवायचे. शेजारणीची जुनी चिठ्ठी मेडिकलवर दाखवून गोळ्या आणू नयेत.

घरात खरा अडतो तो एकच सवाल: कुणामुळे? आमच्याकडे तो आधी बाईलाच विचारतात, मग ती उंबऱ्याबाहेर पडलेली नसली तरी. पण काही संसर्ग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय अंगात राहतात. लागण कधी झाली, कुणाकडून झाली, हे तपासणीच्या कागदावर लिहिलेले नसते. त्या कागदावरून तलाकची भाषा करणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यावे.

राहिली हया. अन्सारी स्त्रिया दीन समजून घेताना लाजल्या नाहीत, याची हजरत आयेशा (रजि.) यांनी तारीफ केली आहे. चौकात तासभर गप्पा मारणाऱ्या आमच्या भावांना बीवीसोबत ओपीडीच्या बाकावर अर्धा तास बसायला एवढे जड का जावे?

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे तपासणी व औषध मोफत मिळते, माहिती गुप्त ठेवतात. त्याच वेळी एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. आधी फोनवर विचारायचे असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. नवरा यायला तयार नसेल तर बहिणींनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, त्याच्यासाठी चिठ्ठी मागावी. औषध दोघांनी एकाच वेळी सुरू करावे, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये, आणि दोघांचेही औषध पूर्ण झाल्यावर सात दिवस वेगळे निजावे.