चिलखत चढवण्याआधी जहाजाचं काम ठरवा

‘ईव्ह ऑनलाइन’ नव्याने खेळू लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या फ्रिगेटवर, म्हणजे छोट्या लढाऊ जहाजावर, मिळेल ती चिलखताची जाडजूड प्लेट चढवण्याआधी जरा थांबा. २००३ साली आलेल्या या आइसलँडच्या खेळात फुटलेलं जहाज परत मिळत नाही, त्यामुळे भीतीपोटी चिलखत वाढवत न्यावंसं वाटतं, हे मान्य. पण छोट्या जहाजाला चपळाईच वाचवते. मोठ्या जहाजाच्या तोफा जवळून भराभर घिरट्या घालणाऱ्या फ्रिगेटमागे वळू शकत नाहीत. चिलखताच्या वजनाने घिरट्या मंदावल्या की त्याच तोफांचा नेम लागू लागतो.

प्लेट लावल्यावर जहाजाचा मूळ वेग पडद्यावर तेवढाच दिसतो. तिथेच फसगत होते. आफ्टरबर्नर या वेग वाढवणाऱ्या इंजिनाने मिळणारा जादा वेग मात्र वस्तुमानावर अवलंबून असतो. जहाज जड झालं की तेच इंजिन कमी वेग देतं आणि वळायलाही जास्त वेळ लागतो.

रिफ्टर या फ्रिगेटचंच बघा. तिचं वस्तुमान सुमारे १० लाख ६७ हजार किलो. फ्रिगेटचा आफ्टरबर्नर चालू केला की त्यात आणखी ५ लाख किलोंची भर पडते. वॉर्पमध्ये, म्हणजे दूर पल्ल्याच्या अतिवेगवान प्रवासात, जायला योग्य दिशेने कमाल वेगाच्या ७५ टक्के वेग गाठावा लागतो आणि जड जहाजाला तो गाठायला उशीर होतो. म्हणून निसटायचं असेल तर आधी आफ्टरबर्नर बंद करा.

मायक्रोवॉर्पड्राइव्ह हे दुसरं इंजिन वेग कितीतरी जास्त देतं, पण ते चालू असेपर्यंत साध्या फ्रिगेटची सिग्नेचर सहापट होते, म्हणजे शत्रूला तुम्ही सहापट मोठे दिसता. शिवाय शत्रूचा वॉर्प स्क्रॅम्बलर, म्हणजे जवळून वॉर्प रोखणारं यंत्र, लागला की मायक्रोवॉर्पड्राइव्ह बंद पडतं. आफ्टरबर्नर मात्र चालूच राहतो.

म्हणून आधी जहाजाचं काम ठरवा. शत्रूला चिकटून, स्क्रॅम्बलर लावून लढायचं असेल, तर प्लेट आणि आफ्टरबर्नर यांची जोडी योग्य. लांबून, जास्त पल्ल्याच्या वॉर्प डिसरप्टरने धरून ठेवायचं असेल, तर प्लेट काढा आणि मायक्रोवॉर्पड्राइव्ह घ्या. प्लेटऐवजी शील्ड वाढवणारा शील्ड एक्स्टेंडर लावला तर वजन वाढत नाही, पण सिग्नेचर वाढते. फुकट काहीच मिळत नाही. दोन्ही कामं एकाच जहाजाकडून करून घ्यायला गेलात, तर ते धड पळणारही नाही आणि धड टिकणारही नाही.

फिटिंगच्या खिडकीत सिम्युलेशन आहे, त्याचा वापर करा. प्लेट लावून आणि काढून, इंजिन चालू असतानाचा वेग आणि वॉर्पसाठी लागणारा वेळ दोन्ही पाहा. स्टेशन सोडण्याआधी ही दोन मिनिटं द्याच. आणि गमावलं तरी परवडेल असंच जहाज घेऊन बाहेर पडा, म्हणजे बेधडक लढता येईल.