काडतुसाचा हिशेब ग्रामसभेला द्या!



२००८ च्या बजेटात दिल्ली सरकारने वाघ राखायला हत्यारबंद दल उभं करण्यासाठी ५० कोटी रुपये काढले. २०१२ च्या मे महिन्यात तेव्हाचे वनमंत्री पतंगराव कदम यांनी जाहीर केलं की वनकर्मचाऱ्याच्या गोळीने शिकारी जखमी झाला किंवा मेला, तरी गुन्हा नाही. म्हणजे बंदूकही आली अन् माफीही आली. आम्ही विचारतो, गोळी कोनासाठी?

वाघ आम्हालेही पाहिजे. वाघोबाला आम्ही देव मानतो. पण कातडं विकत घेणारा व्यापारी जंगलात राहत नाही, जंगलात आम्ही राहतो. मोहफुलं वेचायला बाया पहाटेच्या अंधारात निघतात. तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरचं घर जंगलात असते. कमरेला कोयता, खांद्यावर कुऱ्हाड असतेच. झाडाआडून पाहणाऱ्याले कसं कळंल, मोहा वेचणारी कोन अन् शिकारी कोन? गोळी सुटल्यावर साहेब म्हणतील, "संशय होता." मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही.

बारूद आपल्या भंडारा जिल्ह्याला नवी नाही. जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात ती सैन्यासाठी बनते. सैन्याची गोळी शत्रूसाठी असते. मग नागझिऱ्याच्या कडेची गावं शत्रू आहेत काय?

पोलिसाने गोळी झाडली तर नोंद होते, रिकामी पुंगळीसुद्धा मोजली जाते. पुंगळीचा हिशेब आहे, तर माणसाचा का नाही?

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ सांगते की जंगल अन् जंगली जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. कायद्याने राखणदार आम्ही, अन् बंदूक आमच्यावरच?

आमच्या मागण्या :

१) आपल्या जंगलासाठी किती बंदुका, किती काडतुसं, किती रुपयांची घेतली, हे ग्रामसभेत वाचून दाखवा.
२) झाडलेल्या प्रत्येक गोळीची नोंद ग्रामसभेला द्या.
३) माणूस जखमी झाला किंवा मेला तर गुन्हा नोंदवा, वनखात्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडून चौकशी करा.
४) गोळीची माफी रद्द करा.

भावांनो, बहिणींनो, नुसतं बोलून भागणार नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावंच लागते. ठरावाची अन् अर्जाची नक्कल जपून ठेवा.

पैसा जनतेचा, जंगल आमचं. हिशेब मागू, घेऊनच राहू!